कोजागरीचा प्रश्न आणि पारनेरची रात्र

आज कोजागरी. शरदाच्या निरभ्र आकाशात पूर्णचंद्र उगवेल, घरोघरी दूध आटेल, वेलदोडा-केशराचा सुगंध दरवळेल, ज्येष्ठ अपत्यास ओवाळले जाईल आणि अंगणांत, गच्च्यांवर मध्यरात्रीपर्यंत गप्पा रंगतील. या रात्री लक्ष्मी भूतलावर उतरते आणि ‘को जागर्ति’, म्हणजे ‘कोण जागे आहे’, असे विचारीत दारोदार फिरते, अशी आपली परंपरागत श्रद्धा आहे. जागरणासाठी शास्त्रकारांनी अक्षक्रीडाही सांगून ठेवली आहे. आज कोणी भर चौकात फासे मांडून बसला, तर लक्ष्मी येण्यापूर्वी पोलिसांची गाडी येईल, हा भाग निराळा!

लक्ष्मीने जागे कोण आहे एवढेच का विचारावे? श्रीमंत कोण, पुण्यवान कोण, असे ती विचारीत नाही. खरिपाचे पीक घरात येण्याचा हा काळ. खळ्यावर रास पडलेली असताना जो झोपला त्याचे वर्षाचे कष्ट एका रात्रीत जातात, हे कृषिजीवन जगणाऱ्या समाजास ठाऊक होते. राखण ही लक्ष्मीची पहिली पूजा होय. यास्तव या मंगल दिवशी आम्ही आपल्या पारनेरपुरता एक अप्रिय प्रश्न उपस्थित करीत आहोत. आपले गाव, आपला तालुका सुरक्षित आहे काय? आणि तो आहे किंवा नाही, हे आपण कशावरून ठरवितो?

या प्रश्नास सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे मिळतात. पारावर विचारले तर ‘पूर्वीचे पारनेर राहिले नाही’ असा सुस्कारा ऐकू येतो. सरकारी कागदाकडे पाहिले तर आकडा मिळतो. सुस्काऱ्यास पुरावा नसतो, म्हणून आकडा अधिक विश्वसनीय वाटतो. परंतु हा आकडा तयार कसा होतो, हे जाणून घेण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

गुन्ह्यांचे प्रमाण म्हणजे दर एक लाख लोकसंख्येमागे वर्षभरात नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांची संख्या. देशभरचे हे आकडे १९८६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एकत्र करतो. त्यात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली ही, की भागाकारासाठी धरलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून बांधलेल्या अंदाजाची असते. दुसरी ही, की एकाच फिर्यादीत अनेक गुन्हे असले तर त्यांतील सर्वांत गंभीर असेल तेवढाच मोजला जातो. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, ही की येथे मोजणी घडलेल्या गुन्ह्यांची नसून नोंदलेल्या गुन्ह्यांची असते.

शिवाय आपला तालुका लहान. २०११ साली त्याची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती. समजा, एका वर्षी तीन खून झाले आणि पुढल्या वर्षी सहा. लगेच ‘तालुक्यात खुनांचे प्रमाण दुप्पट’ असा मथळा होईल. तो खोटा म्हणता येणार नाही. परंतु बांधाच्या एका भांडणाने अथवा एका कुटुंबातील वैराने तो दुप्पट झालेला असू शकेल. मुंबई-पुण्यासारख्या महानगरात हे चढउतार मोठ्या संख्येत मुरून जातात. लहान गावात ते डोंगराएवढे दिसतात. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून गावाची पत्रिका मांडू नये.

आता जे नोंदले जात नाही, त्याकडे वळू. विहिरीवरील मोटारीची केबल रात्रीतून कापून नेली जाते. गोठ्यापुढची शेळी जाते, चाळीतील कांदा जातो, यात्रेच्या गर्दीत गळ्यातील पोत तुटते. यांपैकी किती माणसे पोलीस ठाण्याची पायरी चढतात? एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावे, तासन् तास बाकावर बसावे आणि अखेर साध्या अर्जावर बोळवण व्हावी, त्यापेक्षा नवी केबल घेतलेली बरी, असा हिशेब शेतकरी करतो. घरात मार खाणाऱ्या स्त्रीचा हिशेब तर याहून कठोर असतो. फिर्याद दिल्यानंतर संध्याकाळी तिला त्याच घरात परतावयाचे असते.

यातून विपरीत असा निष्कर्ष निघतो. ज्या ठाण्यात फिर्यादीला बसावयास खुर्ची मिळते, तेथे गुन्ह्यांचा आकडा वाढतो. ज्या ठाण्यातून त्यास हुसकावून लावले जाते, तेथे तो घटतो. मग आकडा कमी दाखविणाऱ्या अधिकाऱ्याची पाठ थोपटावी, की आकडा वाढू देणाऱ्याची? नोंद वाढली म्हणजे गुन्हे वाढलेच असे नव्हे. कित्येकदा लोकांचा विश्वास वाढलेला असतो. वाढलेल्या आकड्याने घाबरून जाण्यापूर्वी तो कशामुळे वाढला, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

कायदा याबाबतीत आता पुरेसा स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच फिर्याद नोंदविणे पोलिसांस बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिताकुमारी खटल्यात दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठविली तर तीन दिवसांच्या आत स्वाक्षरी करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिल्यास जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी दाद मागता येते आणि तपास कोठवर आला हे ९० दिवसांच्या आत कळविणे पोलिसांचे कर्तव्य आहे. हे अधिकार ठाऊक असणे, हेही एक प्रकारचे जागरणच होय.

आकड्याचा आणखी एक दोष आहे. त्यास वजन कळत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच तालुक्यात लोणीमावळा येथे शाळेतून घरी परतणाऱ्या एका मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. वार्षिक तक्त्यात ही घटना म्हणजे केवळ एक नोंद. परंतु अशा एका नोंदीने किती आयांचा जीव मुलगी घरी येईपर्यंत टांगणीस लागतो आणि दूरच्या शाळेत जाणाऱ्या मुलींची पावले कशी उंबऱ्यातच अडखळतात, हे कोणता तक्ता सांगणार? तसेच पतसंस्थांचे. कांद्याचे आणि दुधाचे पैसे पोटास चिमटा घेऊन साठविणाऱ्या शेकडो ठेवीदारांची ठेव बुडते, तेव्हाही अनेकदा फिर्याद एकच असते. अशा ठेवीदारांसाठी महाराष्ट्राने १९९९ साली स्वतंत्र कायदा केला. तरीही रात्रीच्या घरफोडीची जेवढी धास्ती आपण घेतो, तेवढी दिवसाढवळ्या सहीशिक्क्यानिशी होणाऱ्या या घरफोडीची घेत नाही.

पारनेरचे भय एकाच प्रकारचे नाही, हेही समजून घेतले पाहिजे. गावठाणातील व्यापाऱ्यास दुकानाच्या कुलपाची चिंता. कान्हूर पठारासारख्या भागात शेतावरच्या सुट्या वस्तीवर राहणाऱ्यांस दरोड्याची. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर तेथे दुसरे घर नसते. असंख्य पारनेरकर पोटासाठी मुंबईस गेले. त्यांची घरे कुलूपबंद, किंवा मागे राहिलेल्या वृद्ध मातापित्यांच्या भरवशावर आहेत. कोरठणच्या खंडोबाच्या वा निघोजच्या मळगंगेच्या यात्रेस ती घरे चार दिवस उघडतात आणि पुन्हा बंद होतात. पुणे-नगर रस्त्यावर सुप्याची औद्योगिक वसाहत वाढली, तेथे स्वतंत्र पोलीस ठाणे आहे. परंतु रात्रपाळी संपवून अंधारातून खोलीकडे जाणाऱ्या परप्रांतीय कामगारास कोणाचा आधार? गावात काही घडले की पहिला संशय त्याच्यावरच येतो. या सर्वांची सुरक्षितता एका आकड्यात कोंबणे म्हणजे चार विहिरींचे पाणी एका घागरीवरून जोखण्यासारखे आहे.

आकड्यावर विसंबून चालत नाही, म्हणून लोक स्वतः जागे राहतात. ते योग्यच आहे. परंतु जागणे आणि संशय घेणे यांत अंतर आहे, आणि ते विसरले की अनर्थ होतो. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, अहमदनगर, बीड या जिल्ह्यांतील अनेक गावांत रात्री आकाशात ड्रोन दिसल्याच्या वार्तेने लोकांची झोप उडाली आणि तरुण काठ्या घेऊन गस्त घालू लागले. गस्त चांगलीच, परंतु अफवेच्या पाठीवर स्वार झालेली काठी कोणाच्या डोक्यात बसेल याचा नेम नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ज्या पाच जणांना ठेचून मारले, ते भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी होते. आपल्या जिल्ह्यात आजही चोरी झाली की बोट प्रथम पारध्याच्या पालाकडे वळते. इंग्रजांनी १८७१ साली केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा स्वतंत्र भारताने १९५२ साली रद्द केला. आपल्या मनांतून तो अद्याप रद्द झालेला नाही. निरपराध्यास चोर ठरविणारे गाव खऱ्या चोरास मोकळे सोडीत असते, एवढे तरी ध्यानात यावे.

लोकशक्तीने गाव सुधारण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. अण्णा हजारे १९७५ साली राळेगणसिद्धीस परतले. पुढे तेथील दारूच्या भट्ट्या बंद झाल्या आणि गावाचे रूप पालटले, ही गोष्ट जगास ठाऊक आहे. त्या आरंभीच्या काळात मद्यप्यांना खांबास बांधून मारले जाई, हेही ठाऊक आहे. आम्हांस राळेगणविषयी नितांत आदर आहे. तरीही खांब आणि चाबूक ही सुरक्षिततेची साधने म्हणून आम्ही मान्य करू शकत नाही. आज मद्यप्यास बांधणारे हात उद्या दुबळ्यास बांधतील. कायद्याने दुसरे मार्ग दिले आहेत. गावातील स्त्रिया गुप्त मतदानाने बाटली आडवी करू शकतात आणि दुकान बंद होते. अण्णांच्याच आग्रहाने २०१६ साली दारूबंदी कायद्यात सुधारणा होऊन ग्रामरक्षक दलांची तरतूद झाली. ही दले कागदावरून गावात उतरली, तर चाबकाची गरज उरणार नाही.

दुसरे उदाहरण तंटामुक्ती मोहिमेचे. २००७ च्या १५ ऑगस्टला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने बांधाची, वाटेची, पाण्याची कित्येक भांडणे सामोपचाराने मिटावीत असा मार्ग दाखविला. त्यातील सद्धेतू निर्विवाद आहे. परंतु गावास पुरस्कार मिळावा म्हणून स्त्रीवरील अत्याचार ‘घरातला तंटा’ ठरवून मिटविला, तर ती तंटामुक्ती नव्हे. ती केवळ मौनमुक्तीची नाकाबंदी होय. बांधाचे भांडण चावडीवर मिटावे, गंभीर गुन्हा न्यायालयातच गेला पाहिजे. ही सीमारेषा पोलीस पाटलांनी आणि समित्यांनी कटाक्षाने पाळावी.

मग करावे काय? आमच्या सूचना साध्या आहेत. पारनेर व सुपे या ठाण्यांनी दर तिमाहीस, किती फिर्यादी आल्या, किती नोंदल्या, किती उघडकीस आल्या आणि किती मुद्देमाल धन्यास परत मिळाला, हे ग्रामसभांपुढे व नगरपंचायतीपुढे मांडावे. नुसत्या एका वर्षाचा आकडा न देता मागील पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवावेत. गावाने आपल्यापुरती दुसरी मोजणी करावी: कोणत्या रस्त्यावरचे दिवे बंद आहेत, कोणत्या वाटेने मुली जाण्यास भितात, कोणत्या वस्तीवर वृद्ध एकटे आहेत. ही मोजणी स्त्रियांकडून करून घ्यावी, कारण गावातील अंधाराचा नकाशा त्यांना पाठ असतो. ज्यांची मुले मुंबईस आहेत, अशा वृद्धांच्या घरी शेजाऱ्याने दिवसातून एक हाक मारावी. त्यास कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही. आणि परप्रांतीय भाडेकरूची नोंद ठेवताना त्यालाही रात्री कोणाकडे धाव घ्यावयाची, हे सांगून ठेवावे.

पारनेर ही सेनापती बापटांची जन्मभूमी. इंग्रजी सत्तेशी झुंजणाऱ्या या वीरास हाती झाडू घेऊन रस्ते झाडण्यात कधी कमीपणा वाटला नाही. गाव स्वच्छ ठेवणे हे जसे प्रत्येकाचे काम, तसेच गाव निर्भय ठेवणे हेही. ते सर्वस्वी पोलिसांवर सोपवून निजणे जितके चुकीचे, तितकेच पोलिसांस वगळून काठी उचलणे चुकीचे.

आज रात्री दुधाचे पातेले चंद्रप्रकाशात ठेवून आपण आप्तेष्टांसह बसाल. त्या वेळी गल्लीच्या टोकाच्या म्हातारीस, वस्तीवरच्या एकट्या कुटुंबास, भाड्याच्या खोलीतील कामगारास आणि गावाबाहेरच्या पालासही एक पेला पोहोचवावा. ज्यांच्या हातचे दूध आपण प्यालो, त्यांच्या दारावर मध्यरात्री थाप पडली तर कूस बदलून झोपणे माणसास सहज जमत नाही. लक्ष्मी विचारील तेव्हा एकेका घराने ‘मी जागा आहे’ म्हणून भागणार नाही. साऱ्या पारनेरने ‘आम्ही एकमेकांसाठी जागे आहोत’ असे म्हणावे, हीच या पौर्णिमेस आमची प्रार्थना.