सावली कोणी बदलावी?

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने संगणकावरील आखणीच्या एका बारीकशा प्रश्नावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण हा प्रश्न जितका यंत्राचा तितकाच नजरेचा आणि शब्दांचाही आहे, म्हणून तो आपल्या अंगणातला समजते.

मोबाईलच्या पडद्यावर आपण जे बटण दाबतो त्याच्या कडेखाली बहुधा एक फिकट सावली असते. आपले तिकडे लक्षही जात नाही. माझ्या आईला अक्षरओळख जेमतेम. पण शिष्यवृत्तीच्या अर्जात दाबायचे कोठे आणि नुसते पाहायचे कोठे, हे तिला त्या उठावावरूनच उमगते. ही सावली कोणीतरी बसून आखलेली असते. फिग्मा नावाच्या आखणीच्या साधनात सावली म्हणजे काही आकडे: किती सरकली, किती पसरली, कडा किती धूसर, रंग कोणता, किती गडद. फिग्मा आपणहून देते ती सावली ४ बिंदू खाली सरकलेली, ४ बिंदू धूसर आणि २५ टक्के गडद काळी असते. हे आकडे ठरवून त्यांना एक नाव दिले की झाली 'शैली'. मग शेकडो बटणांना तेच नाव लावायचे; शैली बदलली की ती सगळी बटणे बदलतात.

आम्हा सोलापूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. चादरीवरची नक्षी जकार्डच्या, म्हणजे भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून उठते. फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ मारी जकारने १८०४ च्या सुमारास ही युक्ती मागावर बसवली. पत्ते बदलले की पुढच्या प्रत्येक चादरीची नक्षी बदलते. पण एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळे मर्म त्यातच आहे. विणून झालेली, विकली गेलेली चादर पत्ते बदलल्याने बदलत नाही. शैली मात्र गेल्या वर्षी आखून ठेवलेल्या पानांवरही हात फिरवते. आणि त्या पानांवरूनच पुढे ॲप तयार होते.

आता समजा, अशा साठ शैली आहेत आणि सगळ्यांतला काळा रंग काढून निळसर करायचा आहे. फिग्मात २०१९ पासून प्लगिनची सोय आहे. जावास्क्रिप्टमध्ये थोड्या ओळी लिहिल्या की हे काम क्षणात होते. कोणी म्हणेल, हाताने केलेले तेच खरे काम, बाकी सारा यांत्रिकपणा! हे मला मुळीच पटत नाही. माझे वडील यंत्रमागावर उभे असतात. एकच हालचाल दिवसभर करण्यात काय गोडी असते ते आमच्या घराला पुरेपूर ठाऊक आहे. साठ चौकटी उघडून तोच आकडा साठदा लिहिण्याला साधना म्हणणाऱ्यांनी एकदा ते करून पाहावे.

अर्थात यंत्राला डोळे नाहीत. शैलीतली परिणामांची यादी जागच्या जागी खोडता येत नाही. तिची नक्कल करायची, नकलेत बदल करायचा आणि सबंध यादी परत ठेवायची, अशी रीत आहे. एखाद्या शैलीत दोन सावल्या असल्या आणि लिहिणाऱ्याने पहिलीच परत ठेवली, तर दुसरी मुकाट्याने नाहीशी होते. यंत्र कुरकुरत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते. जुनी शैली पुसून त्याच नावाची नवी केली तर तीही जुन्या बटणांना आपोआप लागत नाही. यंत्र नाव पाहत नाही, आतला ओळखक्रमांक पाहते.

म्हणून एका गोष्टीचे मला फार बरे वाटते. प्लगिन शैली बदलू शकते, पण त्या शैलींचे सामाईक भांडार ती स्वतः प्रसिद्ध करू शकत नाही. ते बटण माणसालाच दाबावे लागते. भांडार वापरणाऱ्या इतर फायलींना मग सूचना जाते, आणि तेथेही बदल कोणीतरी पाहून स्वीकारायचा असतो. घाईतल्या मंडळींना ही अडगळ वाटते. मी म्हणते, ती तशीच राहू द्यावी. साठ शैली क्षणात बदलणाऱ्याला निदान एकदा थांबावे लागते, ते येथेच.

प्रसिद्ध करताना बदलाविषयी चार शब्द लिहायला जागा असते. माझी तक्रार आहे ती या जागेविषयी. बहुतेक जण ती कोरी सोडतात, नाहीतर 'किरकोळ सुधारणा' एवढे लिहून मोकळे होतात. आपल्या वर्गात सारांशलेखन आणि पत्रलेखन घोटून घेतात, त्याचा उपयोग काय, असे मित्र विचारतात. हा घ्या उपयोग: 'बटणाच्या सावलीचा गडदपणा १५ वरून २५ टक्के केला, कारण उन्हात मोबाईल धरला की बटणाची कड दिसत नव्हती. कार्डांच्या सावल्यांना हात लावलेला नाही.' ही दोन वाक्ये प्लगिनला सुचणार नाहीत. ज्याने उन्हात उभे राहून पाहिले त्यालाच ती लिहिता येतील.