परत येणारी लाट

नांदेडहून लातूरपर्यंत सलग तांब्याची तार टाकली, तर विजेचा संदेश एका सेकंदाच्या हजाराव्या भागातच पोचेल. मग फूट-दीड फूट तारेची काळजी कशाला करायची? पण संगणकात गडबड होते ती नेमकी तिथंच!

आधी एक गंमत करा. आठ-दहा हात दोरी खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं टोक हातात धरून एकच झटका द्या. लाट गजापर्यंत जाते आणि चक्क परत येते. हात ताठ ठेवलात, तर ती हातावर आपटून पुन्हा निघते. हात जरा सैल सोडा, ती हातातच जिरते. (आईची कपडे वाळत घालायची दोरी मात्र विचारल्याशिवाय घ्यायची नाही हं!)

तारेतही विजेची लाट अशीच उलटते. येरझाऱ्या वाढल्या, की एका ठोक्याचे दोन भासतात आणि गणित चुकतं.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेत डॉ. विजय भटकर आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यात ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक चिप एकमेकींशी तारांवरून बोलत. वेग, सेकंदाला दोन कोटी बिट! या चिप इन्मॉस नावाच्या ब्रिटिश कंपनीच्या. तिची सूचना अशी, की तार ३० सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर १०० ओहमची घ्या आणि निघतानाच तिच्या वाटेत ५६ ओहमचा रोध, म्हणजे रेझिस्टर, ठेवा. १०० चा का नाही? अहो, चिपच्या पोटातही थोडा रोध असतोच की! दोन्ही मिळून शंभरीच्या आसपास जातात.

आता मोठ्यांनाही चटकन न पटणारी गोष्ट. या रोधामुळे तारेत अर्धाच दाब शिरतो. पण पलीकडच्या टोकाला लाट उलटताना जाणारी आणि येणारी एकमेकींत मिसळतात, अर्धा नि अर्धा मिळून तिथल्या चिपला पुरा दाब मिळतो. माघारी आलेली लाट रोधात जिरते, तुमच्या सैल हातासारखी. फक्त तारेच्या मध्येच आणखी एक चिप जोडायची नाही. तिला काही क्षण अर्धाच दाब दिसेल आणि ती गोंधळेल.

वजिराबादेत किंवा गंजगोलाईजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान दिसलं, तर काकांना ५६ ओहमचा रेझिस्टर दाखवायला सांगा. त्याच्यावरचे पहिले तीन पट्टे हिरवा, निळा, काळा.