धरणाला कायदा आहे, समुद्राला नाही

समुद्राची पातळी का वाढते हे शिकवत होतो, तर नववीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, आपल्याला काय त्याचं? समुद्र कुठे, आपण कुठे!" प्रश्न रास्त होता. अहिल्यानगर जिल्ह्याला किनारा नाही. पण गाव पाण्याखाली जाणं म्हणजे काय, हे आपल्या नेवासा-शेवगावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. नाथसागरात पैठण-गंगापूरबरोबर आपल्या या दोन तालुक्यांतली गावंही गेली. राज्याचा पुनर्वसन कायदाही १९७६ चाच. म्हणजे माणसं आधी उठवली, कायदा मागून आला. ज्याच्या नावावर सातबारा, त्याला थोडाफार मोबदला तरी मिळतो. पण दुसऱ्याच्या शेतात राबणारा, गावोगाव बांगड्या विकणारा, गाद्या पिंजणारा? त्याची मिळकत म्हणजे ओळखीची गिऱ्हाइकं. गाव चार ठिकाणी विखुरलं की धंदाही विखुरला, आणि त्याचा पंचनामा कोणी करत नाही. घराचे पत्रे, दारं-खिडक्या बैलगाडीत घालून नेता येतात. कब्रस्तान नेता येत नाही.

पुढे लोक लढले, कायदा सुधारला. १९९९ च्या कायद्यात नव्या गावठाणाला शाळा, पाणी, रस्ता, स्मशानभूमी, दफनभूमी द्यायची तरतूद आहे. अंमलबजावणीचं काय, ते धरणग्रस्तांनाच विचारावं. तरी मागायला कागद तर आहे! पण हा कायदा 'प्रकल्पग्रस्तां'साठी. समुद्र हा प्रकल्प नाही. त्याला ना मालक, ना भूसंपादन अधिकारी.

ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यातल्या सातभाया गावांचं असंच झालं. एकामागून एक गावं समुद्राने गिळली. शेवटी सरकारने ५७१ कुटुंबांना बागपतिया इथे वसवलं. घराला जागा मिळाली, पण कसायला शेत नाही, म्हणून तरुण मजुरीसाठी केरळपर्यंत जातात. म्हणजे घर दिलं, पोट मागेच राहिलं.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी, किनारा किंवा नदीकाठ खचून बेघर झालेल्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी रुपये सुचवले. हे चांगलंच आहे. मात्र तो निधी आहे, हक्क नव्हे, आणि तोही सगळ्या देशासाठी.

आपल्या कोकणात मुरूड, श्रीवर्धन, दापोली, हर्णैच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारी मुस्लिम कुटुंबं आहेत. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आलं तेव्हा निदान पंचनामे तरी झाले. वर्षाला काही मिलिमीटर चढणाऱ्या पाण्याचा पंचनामा कोणत्या तारखेचा करायचा? आणि मच्छीमाराला किनाऱ्यापासून दहा-बारा कोस आत पक्कं घर दिलं, तर त्याने होडी कुठे बांधायची?

आमच्या मते १९९९ च्या कायद्यातच समुद्रामुळे उठणाऱ्यांना जागा द्यावी. मोजणी पाणी दारात यायच्या आधी व्हावी, आणि त्यात भाडेकरू, खलाशी, मासळी विकणाऱ्या बायका हे सगळे धरावेत. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर किनाऱ्यावरच्या जमातींनी घरपट्टीच्या पावत्या, मतदार यादीतली नावं, होड्यांचे परवाने आणि मशीद-कब्रस्तानाच्या वक्फ नोंदीची एक प्रत गावाबाहेर, उंचावरच्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवावी.