शुक्रिया, पण लेखी

लग्न झाले, मुले झाली, धाकटा शाळेत जाऊ लागला आणि मग पुन्हा पुस्तक हाती घ्यावेसे वाटले, अशा भगिनी आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने अशांसाठी दार उघडले. गावोगावच्या महाविद्यालयांत त्याची अभ्यासकेंद्रे चालतात. घर सांभाळून कितीतरी जणी तिथून पदवीधर झाल्या. निकाल लागला की आपण त्यांचे अभिनंदन करतो, सर-मॅडमचे आभार मानतो. कार्यालयाच्या खिडकीआडच्या माणसाची मात्र कुणाला आठवण होत नाही.

त्या खिडकीवर काय घडते ते आम्ही शिक्षक मंडळी जवळून पाहतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव, आधार कार्डावर नवऱ्याचे. त्यात आपल्या नावांचे आणखी एक दुखणे आहे. उर्दूत 'शेख' एकाच तऱ्हेने लिहितात. इंग्रजीत त्याची दोन-तीन स्पेलिंग होतात. मराठीत कुठे 'सय्यद', कुठे 'सैय्यद'. प्रवेश अर्ज भरताना हा फरक सुटला, तर तीन वर्षांनी गुणपत्रिकेवर एक नाव आणि दाखल्यावर दुसरे. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, हेलपाटे. हातातोंडाशी आलेली नोकरी कागदपत्रांच्या तपासणीत अडते. मन लावून काम करणारा लिपिक अर्ज हातात घेताच म्हणतो, "ताई, दाखल्यावर आहे तसेच नाव लिहा. अक्षर न् अक्षर जुळवून पाहा." त्याच्या या दोन वाक्यांनी पुढची किती धावपळ वाचते!

ग्रंथपालबाईंचेही तसेच. पुस्तक हातात ठेवताना त्या विचारतात, "वाचायला वेळ कधी मिळतो तुम्हाला?" आणि त्या हिशेबाने आधी कोणता धडा घ्यावा ते सांगतात. शिपाईमामांचे काम तर त्याहून आधी सुरू होते. मूल कडेवर घेऊन आलेली बाई गर्दी पाहून फाटकातूनच वळते, तेव्हा "बसा, पाणी घ्या, नंबर लागेल" म्हणणारे तेच असतात. पहिल्या खेपेला परत गेलेली बाई पुन्हा येईलच असे नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

अशा लोकांचे आपण आभार मानतो ते बहुधा तोंडी, किंवा निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन. तक्रार मात्र आपण लेखी करतो आणि ती फाइलला लागते. यांतले अनेक जण कंत्राटावर असतात. मुदत संपताना त्यांच्या बाजूने दाखवायला एकही कागद नसतो.

लिहिलेल्या शब्दाचे मोल आपल्याला फातिमा शेख यांच्यावरून कळावे. त्यांच्याविषयी कागदोपत्री फारच थोडे उरले आहे. १० ऑक्टोबर १८५६ रोजी माहेरी आजारी असलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या गैरहजेरीत फातिमेवर कामाचा भार पडत असेल, याची काळजी त्यांनी त्यात बोलून दाखवली. कृतज्ञतेने केलेला तेवढा उल्लेख आज फातिमाबींच्या कामाचा मोठा पुरावा आहे.

म्हणून या महिन्यात आपण एक करू या. ज्यांच्या मदतीने आपले किंवा आपल्या लेकीचे शिक्षण पार पडले, त्यांच्यासाठी प्राचार्यांच्या नावे पत्र लिहू या. मराठीत, साध्या कागदावर. 'खूप सहकार्य केले' एवढ्यावर थांबू नये. कर्मचाऱ्याचे पूर्ण नाव, कोणत्या वर्षी, कोणते काम आणि त्यामुळे आपले काय वाचले, हे चार ओळींत मांडावे. पत्र आवक विभागात द्यावे, आपल्या प्रतीवर शिक्का घ्यावा आणि तिची एक झेरॉक्स त्या व्यक्तीच्या हाती ठेवावी. मिठाई द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण पत्रासोबत.