वाघ्याचा डोळा आणि कुत्र्यांचा गॉगल



'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही' ही म्हण तुम्हाला पाठ असेल. पण खरंखुरं कुसळ नीट पाहिलंय का कुणी?

आमच्याकडे भीमा नदीच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. पाणी पोचलं तिथे ऊस, नाही पोचलं तिथे माळ. दिवाळीनंतर माळावरचं गवत वाळलं, की कुसळं मोज्यांत आणि शेळ्यांच्या अंगात अडकतात. एक कुसळ हातात घ्या. टोक सुईसारखं, टोकामागे बारीक उलटे केस आणि मागे पीळ पडलेली लांब शेपटी. त्या शेपटीवर पाण्याचा थेंब टाका आणि बघत राहा. पीळ सुटायला लागतो, कुसळ आपोआप फिरतं! वाळलं, की पुन्हा पीळ बसतो. असं फिरत फिरत बी जमिनीत शिरतं. उलट्या केसांमुळे ते मागे येत नाही, पुढेच जातं. बी पेरायला ही युक्ती झकास. पण हेच कुसळ डोळ्यात गेलं तर?

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या कुत्र्याचं तसंच झालं. तो सकाळी येऊन म्हणाला, "बाई, आमचा वाघ्या डोळाच उघडंना." मी वह्या तपासत होते. मान वर न करताच म्हणाले, "कचरा गेला असेल. पाण्यानं धू, होईल बरा."

तिसऱ्या दिवशी मुलगा शाळेत आला नाही. संध्याकाळी त्याच्या घरी गेले. वाघ्या गोठ्याच्या अंधारात तोंड खुपसून बसला होता. डोळ्यातून पू येत होता आणि बुबुळावर निळसर धुकं आलं होतं. आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब मुलानं त्याच्या डोळ्यात घातले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाघ्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळा बधिर केला, आतल्या कोपऱ्यातला पडदा चिमट्यानं उचलला आणि त्यामागून कुसळ बाहेर काढलं. मग डोळ्यात नारिंगी रंगाचं औषध टाकून निळा उजेड पाडला. बुबुळावरची जखम हिरवीगार चमकली. त्या रंगाला फ्लुओरेसीन म्हणतात. जखम असेल तिथेच तो धरतो.

डॉक्टर म्हणाले, "पहिल्या दिवशी आणलं असतं, तर एवढं झालं नसतं. आणि ते थेंब घालायला नको होते." ऑपरेशननंतरच्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असतं. बुबुळावर जखम असताना ते घातलं, तर जखम चिघळते. पोराचा काय दोष? त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. विचारलं ते मला!

औषध चालू झालं. वाघ्यानं पंजानं डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखा पट्टा बांधला. डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. आता त्या बाजूनं कुणी आलं, की वाघ्या दचकतो.

डॉक्टरांनी उचलला तो पडदा म्हणजे कुत्र्याची तिसरी पापणी. आपल्याला ती नसते. ती डोळा पुसते, ओला ठेवते. पण कुसळ नेमकं तिच्यामागे लपतं. कुत्र्याच्या डोळ्यात मागे आरशासारखा एक थरही असतो. म्हणून रात्री बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे चमकतात. निळा आणि पिवळा रंग त्याला ओळखता येतो. लाल-हिरव्यात मात्र घोटाळा होतो.

वर्गात हे सांगितल्यावर एकजण म्हणाला, "बाई, मग वाघ्याला गॉगल घालू या!" सगळी हसली. पण बरं का, कुत्र्यांचे गॉगल खरंच असतात! अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात रोनी डी लुलो नावाच्या बाईंचा कुत्रा उन्हात डोळे बारीक करायचा. त्यावरून त्यांनी १९९७ साली कुत्र्यांसाठी गॉगल तयार केले. पुढे इराकमध्ये अमेरिकी सैन्यातल्या कुत्र्यांनाही वाळूपासून बचावासाठी असे गॉगल घातले गेले. जर्मन शेफर्ड जातीच्या काही कुत्र्यांना बुबुळाचा एक आजार होतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो वाढतो. त्यांनाही डॉक्टर कधी कधी गॉगल सुचवतात.

तुमच्या-आमच्या वाघ्या-मोत्याला मात्र गॉगलची गरज नाही. आपला गॉगल त्याला मुळीच घालू नका. काच फुटली तर डोळाच जायचा. त्यापेक्षा एवढं करा. टेम्पोतून नेताना त्याचं तोंड वाऱ्यात बाहेर काढू देऊ नका. पाचट पेटवलं असेल, तिथून त्याला लांब ठेवा. माळावरून आला, की डोळे, कान आणि पंजे बघा. डोळा मिटून घेतला, लाल झाला, पाणी-पू आला किंवा बुबुळ पांढरट दिसलं, तर त्याच दिवशी मोठ्या माणसांना घेऊन दवाखाना गाठा. मध, दूध, चुना, झाडाचा चीक, घरातले जुने थेंब यांतलं काहीही घालायचं नाही. पिल्लांचे डोळे तर जन्मल्यावर दहा-चौदा दिवसांनी आपोआप उघडतात. ते बोटांनी उघडायला जाऊ नका.

आणि दुखणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाशी एकट्यानं जायचं नाही, मग तो घरचा का असेना. चावलाच, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं.

आई-बाबांनो, तुम्हालाही एक विनंती. मूल 'कुत्रा डोळा उघडंना' म्हणालं, तर हातातलं काम ठेवून एकदा बघून या. मी बघितलं नव्हतं.

मुलांनो, कुसळाचा प्रयोग करून बघा. थेंब टाकल्यावर किती वेळा फिरलं, ते मोजून मला कळवा.

तुमची,
बाई