लुंगी सुटत नाही, नेसता यावी लागते!

"लुंगी कधी सुटेल नेम नाही" हा आपल्याकडचा लाडका आक्षेप. लुंगीवरचे निम्मे विनोद यावरच चालतात. मंडळी, लुंगी आपोआप सुटत नाही, नीट नेसली नाही तर सुटते. बुटाची नाडीही सुटतेच की! म्हणून कुणी बुटांवर बंदी घालत नाही.

मग नेसायची कशी? टोकं शिवून गोल केलेली लुंगी घ्या. इंडोनेशिया-मलेशियातला सारोंग म्हणजे हेच. आत उभे राहा, कमरेपर्यंत ओढा. जादा कापड एका बाजूला ताणून धरा, तेच पोटावरून घट्ट दुमडून दुसऱ्या बाजूला न्या आणि वरचा काठ बाहेरच्या अंगाने खाली दोन-तीनदा गुंडाळा. झालं! गाठ नाही, पट्टा नाही. प्रत्येक वेढ्याला कापड आवळत जातं, बाकी काम घर्षण करतं. म्यानमारमध्ये पुरुष तिला समोर पीळ देऊन खोचतात आणि खुशाल ऑफिसला जातात.

तेव्हा खरा राग कापडावर नाहीच, नेसणाऱ्यावर आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत "हटाव लुंगी, बजाव पुंगी" अशा घोषणा दिल्या गेल्या, तेव्हा काय कुणाचं कापडाशी भांडण होतं?

जुलै २०१४ मध्ये चेन्नईतल्या एका क्लबने वेष्टी नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना दारातून परत पाठवलं. महिन्याभरात तमिळनाडू विधानसभेने अशा बंदीविरुद्ध कायदा केला. छानच झालं. पण जून २०२३ मध्ये ग्रेटर नोएडातल्या एका सोसायटीने लुंगी आणि नाइटी घालून आवारात फिरू नका असं पत्रक काढलं, तेव्हा चार दिवस टीव्हीवर चर्चा झाली आणि विषय संपला. न्यायाधीशांच्या पांढऱ्या वेष्टीला कायदा, चौकड्याच्या लुंगीला नोटीस!

आमच्या सोसायटीतही आता लिफ्टजवळ तसलाच कागद लागलाय. शेजारच्या मित्राचे वडील केरळहून राहायला आलेत, वय सत्तरीच्या पुढे. आयुष्यभर लुंगी नेसलेले काका तो कागद वाचल्यापासून खाली फिरायलाच जात नाहीत. आणि त्याच लिफ्टमधून मांडीपर्यंतची बर्म्युडा घातलेले आम्ही आयटीवाले बिनधास्त ये-जा करतो. आम्हाला कुणी हटकत नाही. का? तर आमची चड्डी 'कॅज्युअल' आणि त्यांची घोट्यापर्यंतची लुंगी 'अशोभनीय'!

रविवारच्या सभेत ते वाक्य काढा असं मी मांडणार आहे. नियम हवाच असेल तर "गुडघे झाकलेले असावेत" एवढाच करा. अर्धी दुमडून वर खोचलेली लुंगी त्यात अडकेल, अडकू दे. पण मग आमच्या बर्म्युडाही अडकतील. आहे तयारी?