नास्तिकालाही व्यासपीठ
संशयी विद्यार्थ्यांपुढे ख्रिस्ताविषयी कसं बोलावं, हे मला ऑक्सफर्डच्या सॉक्रेटिक क्लबकडे पाहून कळतं. १९४२पासून तिथे विद्यापीठाचं सत्र चालू असताना दर सोमवारी संध्याकाळी एकजण निबंध वाचायचा, दुसरा त्याला उत्तर द्यायचा, मग खुली चर्चा. नास्तिक विद्वानांना मुद्दाम बोलावणं जायचं. माझ्या मते खरा आदर तो हाच. क्लबचे अध्यक्ष, ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस स्वतः तरुणपणी नास्तिक होते, शंकेची धग त्यांनी सोसली होती. फेब्रुवारी १९४८मध्ये एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम या तरुण तत्त्वज्ञ बाईंनी, त्याही श्रद्धावान कॅथलिक, लुईस यांच्या ‘मिरॅकल्स’ या पुस्तकातल्या एका युक्तिवादातली फट भर सभेत दाखवली. तरीही लुईस १९५४पर्यंत अध्यक्ष राहिले. पुस्तकातलं त्या युक्तिवादाचं प्रकरण त्यांनी नव्याने लिहिलं आणि १९६०च्या आवृत्तीत छापलं.